पाटीवरचे जेवण

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या क्र्वा-रूस टेकडीच्या उतारावर, दगडी पायऱ्यांच्या एका गल्लीत, हिरव्या रंगाच्या जुन्या दाराशेजारी रोज सकाळी काळी पाटी टांगली जाते. त्या दुपारी काय शिजणार आहे ते तिच्यावर खडूने लिहिलेले असते. सुरुवातीचे दोन पदार्थ, मुख्य जेवणाचे तीन, शेवटी चीज किंवा गोड, आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, या सगळ्याची मिळून एकच किंमत. २०२४ च्या मे महिन्यात मी लेकीकडे गेले होते तेव्हा ती १९ युरो होती, म्हणजे आपले सतराशे रुपये. लेक तिथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. "आई, संध्याकाळी याच खुर्चीवर बसून हेच जेवायला बत्तीस युरो पडतात, म्हणून मी दुपारीच येते," असे तिने दारातच सांगितले. एका माणसाच्या जेवणाला सतराशे रुपये मोजायचे आणि वर त्याला स्वस्त म्हणायचे, हे माझ्या वयाच्या बाईच्या पचनी सहज पडत नाही. तरीही ते जेवण वाजवी आहे, असेच माझे मत त्या दुपारी झाले, आणि ते होत असताना लालबागच्या चाळीत खाणावळ चालवणारी माझी आजी मला क्षणोक्षणी आठवत राहिली.

अशा खाणावळीला ल्योंमध्ये बुशों म्हणतात. बाटलीच्या बुचालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे, परंतु खाणावळीचे नाव बुचावरून आलेले नाही. पूर्वी मद्य आणि जेवण मिळण्याच्या जागी खूण म्हणून दारावर गवताची किंवा डहाळ्यांची पेंढी टांगत असत, त्या पेंढीवरून ते आले असे सांगतात. आत जेमतेम आठ टेबले होती, त्यांच्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांची कापडे होती, आणि खुर्च्या इतक्या जवळ मांडलेल्या होत्या की शेजारच्या ताटात काय आले हे पाहायला मानही वळवावी लागत नव्हती. जस्ताच्या पत्र्याने मढवलेल्या कट्ट्यावर लाल नाकाचे, हातात पेला धरलेले बाहुले बसवले होते. तो न्याफ्रों. ल्योंच्या गिन्योल या बाहुल्यांच्या खेळातला हा चांभार पात्र म्हणून फार जुना आहे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ज्याने उभा केला, तो लोरां मुर्गे स्वतः रेशीम विणणाऱ्यांच्या घरातला होता. मालकीणबाई साठीच्या घरातल्या, ठेंगण्या, हातावर पुसणे टाकलेल्या. स्वयंपाकघरात त्यांचा मुलगा आणि भांडी घासणारा एक तरुण, एवढ्या तिघांवर तीस माणसांचे जेवण चालले होते.

आम्ही साडेबाराला बसलो आणि पुढच्या दहा मिनिटांत एकही खुर्ची उरली नाही. डाव्या हाताला टपाल खात्याच्या गणवेशातला माणूस होता, त्याच्या पलीकडे अंगावर रंगाचे शिंतोडे उडालेले दोन रंगारी, आणि खिडकीशी एक वृद्ध जोडपे, ज्यांना मालकीणबाईंनी काय हवे हे विचारलेच नाही. टेबलावर पावाची टोपली आणि नळाच्या पाण्याची काचेची सुरई आली. जेवणाबरोबर या दोन्हींचे पैसे घ्यायचे नाहीत अशी तिथली रीत आहे, आणि तिला नियमाचाही आधार आहे. वाढणाऱ्याच्या सेवेचे पैसे आणि करसुद्धा किमतीत धरलेले असल्यामुळे पाटीवर १९ लिहिले म्हणजे देणे १९ च असते. ज्याला वाईन हवी त्याच्यापुढे जाड बुडाची, लेबल नसलेली बाटली येते. तिला 'पो' म्हणतात, तिच्यात ४६ सेंटिलिटर मावतात, आणि रंगाऱ्यांनी दोघांत मिळून एकच घेतली होती.

पाटीवर पदार्थ इतके थोडे का, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. ज्या घरात रोज अठरा माणसे जेवत त्या घरात मी वाढले आहे. माणसे किती येणार याचा अंदाज असला, पदार्थ दोन-तीनच ठेवले आणि बाजारात जे त्या दिवशी रास्त मिळाले तेच शिजवले, की सायंकाळी फेकायला काही राहत नाही, आणि जे फेकले जात नाही त्याचे पैसे कोणाकडून वसूल करावे लागत नाहीत. माझ्यापुढे पहिल्यांदा आलेल्या सॅलडमध्येच हे सगळे होते. किंचित कडवट, कुरळ्या पानांची भाजी, तिच्यावर डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे परतलेले तुकडे, त्याच गरम चरबीत घातलेले व्हिनेगर, आदल्या दिवशीच्या पावाचे तळलेले चौकोन, आणि वर पाण्यात उकळून अलगद काढलेले बिनकवचाचे अंडे. काट्याने अंडे फोडले की पिवळा बलक सगळ्या पानांवर उतरतो आणि कडूपणा मऊ होतो. उरलेला पाव, रानात आपसूक उगवणाऱ्या पानांच्या जातीची भाजी, मांसाचा स्वस्त भाग आणि एक अंडे, यांतला कोणताही जिन्नस श्रीमंती नाही. परंतु चरबी तापलेली हवी, पाने कोरडी हवीत, अंडे नेमक्या क्षणी बाहेर निघायला हवे, आणि हे तीसदा, तीस ताटांसाठी, जमायला हवे. त्या सॅलडची खरी किंमत या हाताची आहे.

या टेकडीवर रेशीम विणले जात असे. १५३६ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने ल्योंमध्ये रेशमी कापड विणण्याचा परवाना दिला आणि पुढची तीन-साडेतीन शतके हे शहर रेशमावर जगले. याच शहरात जन्मलेल्या जाकारने १८०४ मध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उतरवणारा माग तयार केला. येवल्याच्या पैठणीच्या मागावर चढवलेल्या ज्या यंत्राला आपण जकार्ड म्हणतो, ते त्याच्याच नावाचे. हे माग उंच असल्यामुळे क्र्वा-रूसवरची घरे चार-चार मीटर उंचीच्या छतांची बांधली गेली, आणि विणलेले कापड पावसात भिजू नये म्हणून इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ त्यांनी वापरले, जे आजही एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेतात. विणकरांना तिथे कान्यू म्हणत. माग त्यांच्या घरात असे, रेशीम व्यापाऱ्याचे असे, आणि मजुरी हातावारी मिळे. १८३१ मध्ये मजुरीचा किमान दर ठरवून घेतल्यावर काही व्यापाऱ्यांनी तो मानायला नकार दिला, तेव्हा हे विणकर 'काम करून जगू, नाहीतर लढून मरू' असे लिहिलेला काळा झेंडा घेऊन याच टेकडीवरून खाली शहरात उतरले. १८३४ मध्ये ते पुन्हा उठले. दोन्ही वेळा सैन्य आणून शहर ताब्यात घेतले गेले.

बुशोंमधले पदार्थ या विणकरांच्या पोटाचे आहेत. पहाटेपासून माग चालवल्यावर सकाळी नऊच्या सुमारास ते जे भरपेट खात त्याला माशों म्हणत, आणि त्यात जनावराचे ते भाग असत जे व्यापाऱ्याच्या टेबलावर जात नसत: आतडी, पोट, पाय, डोके, रक्त. मऊ ताज्या चीजमध्ये बारीक कांदा, कोवळ्या हिरव्या पाती, मीठ, मिरी, तेल आणि व्हिनेगर घालून केलेला एक साधा पदार्थ आजही बहुतेक बुशोंमध्ये मिळतो, आणि त्याचे नाव आहे 'सर्वेल द कान्यू', विणकराचा मेंदू. लेकीने तो शेवटी चीज म्हणून मागवला होता. नावाचा अर्थ तिने सांगितला तेव्हा माझा हात क्षणभर थांबला. त्यांच्या श्रमावर मोठ्या झालेल्या शहराने विणकराच्या डोक्याला दही-चक्क्याच्या मोलाचे ठरवले असेल, तर ते नाव तसेच जपून ठेवणे हेही एका अर्थी बरे आहे. खाणाऱ्याला निदान विचारावे तरी लागते.

आजी संगमेश्वरकडची. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते आणि पट्ट्यात हात सापडून ते घरी बसले, तेव्हा आजीने दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ सुरू केली. मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली तेव्हापासून कोकणातले आणि घाटावरचे पुरुष बायकामुलांना गावी ठेवून गिरणगावात राहू लागले. एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत, आणि त्यांच्या पोटाची सोय गल्लीतल्या अशा बायकांनी केली, ज्यांना कोणी कधी व्यावसायिक म्हटले नाही. आजीकडे अठरा जण होते. पहिल्या पाळीचे सहा जण पहाटे डबा घेऊन जात, दुसऱ्या पाळीचे सकाळी दहाला बसत, रातपाळीचे सकाळी भोंगा झाल्यावर डोक्यावर कापसाचे तंतू घेऊन थेट जेवायलाच येत. भात, आमटी, एक भाजी किंवा सुकट, दोन भाकऱ्या, बुधवारी बांगडा आणि रविवारी वजडी. निवड कोणालाच नव्हती आणि "आज काय?" असेही कोणी विचारत नसे, कारण वास जिन्यावरच कळे.

आजीला लिहिता येत नव्हते. माझ्या शाळेच्या जुन्या पाटीवर तिने प्रत्येक माणसासाठी एक चौकोन आखून घेतला होता. कोण कोणत्या चौकोनात हे तिच्या डोक्यात असे, आणि जो जेवायला आला नाही त्याच्या चौकोनात ती एक रेघ ओढी. महिन्याच्या शेवटी तेवढे खाडे वजा करून ती पैसे घेई. मला आठवते, खाड्यांच्या बाबतीत कोणी तिच्याशी वाद घातल्याचे मी कधी ऐकले नाही. दुखणाईत माणसाच्या चौकोनात ती रेघ ओढी आणि त्याला पेज मात्र पाठवी. पाटी पुसून नवा महिना सुरू करताना ती आधी पाटीला नमस्कार करी. ल्योंच्या त्या दाराशेजारची पाटी पाहून माझ्या डोळ्यांपुढे प्रथम जी आली ती ही.

मुख्य जेवणासाठी लेकीने कनेल घेतले. पाइक नावाच्या काटेरी नदीमाशाचे मांस वाटून, त्यात पीठ, लोणी आणि अंडी मिसळून केलेले हे लांबट गोळे भट्टीत फुगतात आणि त्यांच्याभोवती नदीतल्या झिंग्यांसारख्या प्राण्यांचा केशरी रस्सा असतो. ज्या माशाचे काटे काढता काढता जीव जातो आणि म्हणून जो बाजारात मागे पडतो, त्याचा असा मऊ पदार्थ करणे ही युक्ती मला फार आवडली. परंतु माझे लक्ष पाटीवरच्या दुसऱ्या ओळीकडे होते, 'ताब्लिए द सापर'. लेकीने मला सावध करण्यासाठी हळू आवाजात सांगितले, "आई, ते गायीच्या पोटाचे असते गं. तुला चालेल का?" गायीचे म्हटल्यावर मी थांबले, हे लपवण्याचे कारण नाही. आजीची वजडी बकऱ्याची असे आणि आमच्या घरात गायीचे मांस कधीच आले नव्हते. मी तो पदार्थ स्वतःसाठी मागवला नाही. मी गरम सॉसेज घेतले, डुकराचे, उकडलेल्या बटाट्यांबरोबर, आणि ते अतिशय चांगले होते. परंतु शेजारच्या टपालवाल्या गृहस्थाने ताब्लिए मागवला होता. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी ताट माझ्या बाजूला थोडे सरकवून मला तो नीट पाहू दिला.

जनावराच्या पोटाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला तो भाग आधी बराच वेळ उकडतात, मग पांढऱ्या वाईनमध्ये मुरवतात, अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवतात आणि तळतात. तो येतो तेव्हा त्याचा आकार चपटा, तळहाताहून मोठा असतो. सैन्यात खंदक खणणारे आणि झाडे तोडणारे सैनिक पुढे जे चामड्याचे ॲप्रन बांधत, त्यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. सुरीने कापल्यावर कडेला ती जाळी दिसली, आणि मी ती ओळखली. रविवारी सकाळी गरम पाण्याच्या घमेल्यापुढे बसवून आजी मला वजडीला चुना लावून बोथट सुरीने खरवडायला देई. काळा पापुद्रा निघून खालचे पांढरे पोळे दिसेपर्यंत खरवडायचे, पुन्हा धुवायचे, पुन्हा वास घेऊन पाहायचे. मला तो वास नकोसा होई आणि आजी म्हणे, "पाणी बदल, वास जाईल." पाणी सहा वेळा बदलावे लागे. नळ दोन तासच येई आणि ते पाणी आजीने पहाटे उठून भरलेले असे. मग ती शेगडीवर दुपारपर्यंत शिजत राही आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण अगदी शेवटी पडे. मटण परवडत नव्हते म्हणून वजडी होती, परंतु रविवारी तिच्याकडे खाडा कोणाचाच नसे.

ज्या भागाला पैसे कमी पडतात त्याला वेळ जास्त लागतो, हे या दोन्ही स्वयंपाकघरांतले सारखेपण आहे, आणि स्वस्त जेवणाचा हिशेब मला इथेच अडतो. मांस स्वस्त झाले, त्या जागी कोणाचे तरी तास भरले गेले. ते तास कोणाचे, आणि त्यांचे पैसे कोणी दिले?

ल्योंमध्येही ते बहुतेक बायकांचेच होते. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका एकोणिसाव्या शतकात आणि विशेषतः विसाव्याच्या पूर्वार्धात तिथून बाहेर पडल्या, त्यांनी स्वतःच्या लहान खाणावळी उघडल्या, आणि शहराने त्यांना 'मेर', म्हणजे आई, असे म्हणायला सुरुवात केली. मेर फिलियू वर्षानुवर्षे जवळजवळ तेच चार पदार्थ वाढत असे आणि कोंबडी गिऱ्हाइकाच्या टेबलाशी येऊन स्वतः कापत असे. तिच्याच हाताखाली शिकलेली उजेनी ब्राझिए १८९५ मध्ये एका शेतकरी घरात जन्मली. दहाव्या वर्षी तिची आई गेली, लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या शेतावर राबली आणि लग्नावाचून मूल झाल्यावर कामाच्या शोधात ल्योंला आली. १९२१ मध्ये तिने या टेकडीच्या पायथ्याशी र्‍यू रॉयालवर स्वतःची जागा उघडली, आणि १९३३ मध्ये तिच्या दोन उपाहारगृहांना, जेवणाच्या दर्जासाठी तारे देणाऱ्या मिशेलॅं मार्गदर्शिकेने, प्रत्येकी तीन तारे दिले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिलीच. जगभर नाव झालेला आचारी पॉल बोक्यूज तरुणपणी तिच्याकडे उमेदवारी करून गेला. आज ते नाव त्या रस्त्यावर आदराने उच्चारले जाते. त्या ताऱ्यांचे जेवण काही पाटीवरचे राहिले नाही, त्याचे मोल वेगळे झाले. तरी शहराच्या अभिमानाच्या मुळाशी रांधणारी कामकरी बाई आहे, ही गोष्ट तिथे कोणी लपवत नाही.

आपल्याकडे हे अगदी घडलेच नाही असे म्हणता येणार नाही. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली ती याच खाणावळवाल्या बायकांसाठी. वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायका एकत्र आल्या तर राष्ट्रीयीकृत बँक त्यांना कर्ज देईल, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. परंतु १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, आणि ज्यांचा पगारच नाही त्यांच्याकडून महिन्याचे पैसे मागायचे कसे, हा प्रश्न गिरणगावातल्या प्रत्येक खाणावळीच्या उंबरठ्यावर येऊन बसला. आजीने सहा महिने उधारीवर वाढले. त्या पाटीवर खाड्यांच्या रेघा थांबल्या, कारण ज्याला घरी चूल नाही तो खाडा करणार कसा. मग एकेक जण गावी गेला. काहींनी पुढे पैसे पाठवले, काहींचा पत्ताच राहिला नाही. आजीने मंगळसूत्रातले मणी आधी काढले आणि नंतर भांडी. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये आज फ्रेंच नावांची बेकरी-दुकाने आहेत. खाणावळवालीच्या नावाची पाटी मी त्या भागात कुठे पाहिलेली नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

लेकीने पैसे दिले तेव्हा तिने रोख रक्कम काढली नाही, एक कार्ड काढले. फ्रान्समध्ये नोकरदारांच्या दुपारच्या जेवणासाठी १९६७ पासून अशी व्यवस्था आहे: जेवणाची चिठ्ठी, जी आता बहुतेक ठिकाणी कार्डाच्या रूपात असते. तिच्या किमतीतला निम्मा ते साठ टक्के वाटा नोकरी देणारा भरतो आणि उरलेला कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो. म्हणजे त्या १९ युरोंतले लेकीच्या खिशातून गेले ते फार तर साडेनऊ. त्याच्या जोडीला आणखी एक जुना नियम आहे की, कामगाराला कामाच्या जागीच जेवायला बसवू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांतल्या धुळीपासून आणि विषारी द्रव्यांपासून त्याला वाचवण्यासाठी तो आला आणि अलीकडे करोनाच्या काळात तो तात्पुरता सैल करावा लागला. साच्यांच्या मधल्या वाटेत, उडणाऱ्या कापसात डबा उघडणाऱ्या आमच्या माणसांना असा नियम मिळाला असता तर किती जणांची फुप्फुसे वाचली असती, हा विचार मला तिथे बसल्या बसल्या आला.

तरीही १९ युरो सगळ्यांनाच परवडतात असे मी म्हणणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला तिथले किमान वेतन, कपातीपूर्वीचे, तासाला ११.६५ युरो होते. म्हणजे ज्याच्या हातात ते कार्ड नाही अशा माणसाला या एका जेवणासाठी सुमारे एक तास चाळीस मिनिटे राबावे लागते. ते दोन रंगारी आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, येतात असे मालकीणबाई म्हणाल्या. वाजवी याचा अर्थ माझ्या मते इतकाच की पाटीवरच्या आकड्यात सगळ्यांचा वाटा धरलेला आहे: भांडी घासणाऱ्या मुलाचा पगार, वाढणाऱ्याचे पैसे, कर, खाटकाचे देणे. खाणाऱ्याला आकडा कमी वाटतो, कारण काही भार इतरांनी कायद्याने आणि ठरवून उचललेला आहे. आजीच्या खाणावळीचा आकडा त्याहून कितीतरी कमी होता. त्यात तिच्या स्वतःच्या श्रमाचे पैसे धरलेलेच नव्हते, आणि तो भार उचलणारी ती एकटी होती.

गोड म्हणून माझ्यापुढे गुलाबी रंगाचा टार्ट आला. साखरेच्या गुलाबी पाकात घोळवलेले बदाम कुटून सायीबरोबर आटवतात आणि पिठाच्या पातळ कवचात ओततात. तो दाताला चिकटतो, गोड फार असतो आणि त्याच्यासोबत कडक काळी कॉफी हवी, असे लेकीचे म्हणणे आहे. मला अर्धाच खाववला. उरलेला मालकीणबाईंनी कागदात बांधून दिला.

दोन वाजत आले होते. टेबले रिकामी होत होती, रंगारी कामावर परतले होते, आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. मालकीणबाई पाटी आत आणून ओल्या फडक्याने पुसत होत्या. मी लेकीला म्हटले, "त्यांना विचार, त्या स्वतः कधी जेवतात?"

लेकीला प्रश्न थोडा विचित्र वाटला असावा, कारण तिने माझ्याकडे एकदा पाहून मगच तो विचारला. अठरा जणांचे वाढून झाल्यावर, पातेली घासून, दुपारी चार वाजता, खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवणारी आजी तिने कधी पाहिलेली नाही. पातेल्यात जे उरले असेल तेच तिचे जेवण असे, आणि वजडीच्या रविवारी बहुतेक वेळा रस्साच उरे.

मालकीणबाईंनी पाटी कट्ट्याला टेकवली आणि खिडकीशेजारच्या, त्या वृद्ध जोडप्याच्या टेबलाकडे बोट केले. "अकरा वाजता," लेकीने मला त्यांचे उत्तर सांगितले, "दार उघडण्याच्या आधी, तिथे. त्या, त्यांचा मुलगा आणि भांडी घासणारा मुलगा, तिघे मिळून. पाटीवर जे असेल तेच."